हजार वॅटचं खोकं

गव्हातले खडे कोणी मुद्दाम जमवत नाही, पण निवडून उठताना ताटाच्या कडेला पाहावं तर चांगली मूठभर झालेली असते. आमच्या सोमवारच्या मंडळातले किस्से असेच जमतात. या कार्तिकातले तर सगळे एकाच गोष्टीचे आहेत, आणि ती गोष्ट आमच्यापैकी एकीनंही कधी सुरू करून पाहिलेली नाही!

मंडळ म्हणजे फार काही नाही, आम्ही चौघी. नांदुऱ्यात स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत आमची घरं लागून लागून. द्वारकामाय सत्तरीपुढच्या, त्यांना अक्षर येत नाही, पण अख्खी पोथी पाठ. रेखावहिनींना प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो. त्यांची सून वर्षा, तिला मोबाइलमधलं सगळं कळतं. आणि चौथी मी. श्रावणापासून आम्ही सोळा सोमवार धरलेत. पोथी माझ्याकडं, कारण माझ्याकडं जागा भरपूर. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि शुभम, माझा एकुलता एक, पुण्याला नोकरीला.

उपासाबरोबर मी सोमवारी मौनही धरते. सकाळच्या आंघोळीपासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द नाही. दूधवाल्याला काही सांगायचं असेल तर दाराजवळ शुभमची शाळेतली पाटी टांगून ठेवली आहे. त्यावर लिहून दाखवते, 'आज अर्धाच लिटर.'

हा नेम मी पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी मंडळात सांगितला, तेव्हा रेखावहिनींनी हात जोडले. "सुमनताई, लय कठीण व्रत घेतलं वं तुमी!"

द्वारकामाय वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कठीण कायचं? तिच्या घरात बोलाले हाय कोन? सातही दिवस मौनच असते. सोमवारचं तेवढं देवाच्या नावानं धरते!"

सगळ्या हसल्या. मीपण हसले. खोटं थोडंच होतं!

शुभमला मात्र या मौनाचं माहीत नाही. तो रविवारी फोन करतो.

*

खोकं आलं शुक्रवारी. कुरिअरवाल्यानं दोन हातांनी उचलून ओट्यावर ठेवलं. नाव शुभमचं, पत्ता आमचा, फोन नंबर माझा. मी म्हटलं, पोराला दिवाळीत सुट्टी मिळाली नाही म्हणून आईला काहीतरी पाठवलं दिसतं. वजनावरून मिक्सर वाटला.

आता नवीन यंत्र घरात आलं की आपण काय करतो? मी हळद-कुंकू वाहिलं, खोक्यावर कुंकवानं चांगलं हातभर स्वस्तिक काढलं, गुळाचा खडा ठेवला. रविवारी व्हिडिओ कॉलवर शुभमला मोठ्या कौतुकानं दाखवलं.

पोराचा चेहरा पडला. मिक्सर नव्हताच तो. त्याच्या पुण्यातल्या कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा होता, पॉवर सप्लाय. व्हिडिओचं काहीतरी काम करतो तो, त्यासाठी मागवला, हजार वॅटचा. आणि पत्ता बदलायचा राहिला.

"आई, अ‍ॅपमध्ये 'घर' म्हणून अजून नांदुराच आहे," तो म्हणाला. "मी घाईत 'घर' दाबलं."

मला आत कुठंतरी फार बरं वाटलं.

त्यात त्याच्या मित्रानं सांगितलं होतं की एवढा मोठा लागतच नाही, साडेसातशेचा पुष्कळ. म्हणजे ठेवायचा की परत करायचा, तेही ठरायचं होतं. परत करायचा तर दहा दिवसांच्या आत, आणि खोकं कोरं पाहिजे.

"आणि तू त्याच्यावर... अवं आई, कुंकू काऊन लावलं वं! आता कोन घेईन थे वापस?"

मी तर पाहतच राहिले. पुण्याला गेल्यापासून पोरगा 'का' आणि 'कशाला' बोलायला लागला होता. दोन वर्षांनी घरच्या बोलीत रागावला!

मी म्हटलं, "अजून रागव."

*

रेखावहिनींनी खोकं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकल्या.

"हजार वॅट? सुमनताई, मीटर गरगर फिरन तुमचं!"

"अहो, लावलेला नाही तो. खोक्यात आहे."

"खोक्यात असला म्हून काय झालं? वीजच खाते ना थे? जवळ ठेवू नका."

वर्षानं सासूला समजावलं. मग तिला काय हुक्की आली, तिनं माझ्या घरातल्या वॅटांची बेरीज मांडली. पंखे दोन, ट्यूबा तीन, टीव्ही, फ्रिज. बेरीज पाचशेपर्यंत गेली आणि ती थांबली.

"काकू, यातलं एका वेळी चालू किती असते?"

मी म्हटलं, "फ्रिज धर. आणि मी ज्या खोलीत असेन तिथली ट्यूब."

वर्षा खोक्याकडं पाहत म्हणाली, "मंग तर तुमचं अख्खं घर याच्या एका कोपऱ्यात मावते!"

आता पुढची गंमत. शुभमनं बजावलं होतं, खोकं थंड आणि कोरड्या जागी ठेव. मी त्याच्याच खोलीत, त्याच्याच पलंगावर ठेवलं. दुपारचं ऊन त्या खिडकीतून आत येतं, म्हणून खिडकी लावली आणि पंखा सुरू केला. मंगळवारी सकाळी रेखावहिनी विरजण मागायला आल्या, अंगावर शाल. आत डोकावल्या. रिकामी खोली, पलंगावर खोकं आणि वर भरारा पंखा!

"हा कोनासाठी लावला, कार्तिकात?"

"खोक्यासाठी."

रेखावहिनी शाल सावरून म्हणाल्या, "पाहा! मी म्हटलं नव्हतं, वीज खाईन म्हून!"

*

ठेवावं की परत करावं हे कळत नव्हतं, म्हणून मी आणि वर्षा बसस्टँडजवळच्या गजूभाऊंच्या दुकानात गेलो. ते कॉम्प्युटर दुरुस्त करतात. माझ्याकडं खोक्याचा फोटो होता, स्वस्तिकासकट.

गजूभाऊंनी आधी फोटोला नमस्कार केला, मग विचारलं, "मशीनले किती लागते?"

शुभमनं सांगितलं होतं ते वर्षानं सांगितलं, साडेपाचशेच्या आसपास.

"मंग काकू, नियम सोपा. लागते त्याच्या सव्वापट घ्यायचं. सातशे झाले. हजार म्हंजे जास्तच झालं."

सव्वापट! मला केवढा आनंद झाला. आमच्यात चुरमा सव्वाचा, दक्षिणा सव्वाची, देवापुढं पाव जास्तीच ठेवायचं. आणि इथं कॉम्प्युटरवालेही तेच करतात!

"पण जास्त असला तर काही बिघडतं का हो? वीज जास्त ओढतो का?"

"नाही वो. विहीर मोठी असली म्हून तुमी दोन बादल्या जास्तीच्या काढता का? मशीनले लागन तेवढंच घेते. बाकीचं राहते तसंच पडून. पुढं मशीन मोठी केली तं कामी येईन."

"म्हणजे ठेवला तर चालेल?"

"चालते ना! आनून दाखवा, मी बसवून देतो. मशीन कुठं हाय?"

"पुण्याला."

"अन् हा डबा?"

"इथं."

गजूभाऊंनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मंग काकू, सध्या तं दोघंही बिनकामाचेच म्हना की!"

परत येताना वर्षा हसत होती. मी रस्ताभर काही बोलले नाही. वार तर मंगळवार होता.

*

बुधवारी न राहवून मीच शुभमला फोन केला. तो ऑफिसात होता, हळू आवाजात बोलला.

मी गजूभाऊंचं सगळं सांगितलं. सव्वापट, विहीर, पुढं मशीन मोठी केली तर वगैरे.

"आई, मला आत्ता डोकंच नाही. कामाचा फार लोड आहे. तूच ठरव."

"मी काय ठरवू बाबा?"

"हे बघ. ठेवला, तर मला न्यायला यावं लागेल. कुरिअरनं पाठवू नकोस, आदळला तर गेला. परत केला, तर कंपनीचा माणूस दारातून घेऊन जाईल, मी इथं छोटा मागवतो. विषय संपला."

"ठेवला तर येशील?"

"पाहतो ना आई."

हे 'पाहतो' मला चांगलं ओळखीचं आहे. पोळ्याला 'पाहतो', दसऱ्याला 'पाहतो', दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या पहाटेपर्यंत 'पाहतो'. माझ्या दारासमोरून स्टेशनचा रस्ता जातो. पुण्याकडची गाडी आली की लोक बॅगा घेऊन जाताना दिसतात. मी काही मुद्दाम पाहत बसत नाही. पण नेमकं तेव्हाच तुळशीला पाणी घालायचं असतं.

फोन ठेवला. मंडळात सांगितलं तर द्वारकामाय म्हणाल्या, "पोरगं हुशार हाय तुयं. सवाल त्याचा, अन् जवाबदारी तुयी!"

*

मधेच एक कुकरचा किस्सा. तो तसा या खोक्याचा नाही, पण मंडळात त्याच आठवड्यात घडला.

वर्षा माझ्या स्वयंपाकघरात आली आणि पाहिलं तर गॅसवर माझा पाच लिटरचा कुकर.

"काकू, कोन येनार हाय?"

"कोणी नाही. माझीच अर्धी वाटी खिचडी."

"मंग एवढा मोठा कुकर काऊन? लहान घ्या ना एखादा. दीड लिटरचे मिळतात."

मी म्हटलं, "याच्यात अर्धी वाटीही शिजते. आणि कोणी आलं तर दहाजणांचंही होतं. लहान घेतला म्हणजे मग कोणी यायचंच नाही, असं झालं."

वर्षानं ताट घेतलं आणि म्हणाली, "वाढा मले. मी आली ना!"

तिच्या घरी सासरे, नवरा, लेकरू जेवायचे होते. माझी अर्धी वाटी खिचडी आम्ही दोघींनी खाल्ली, आणि दोघीही उपाशी राहिलो!

*

ठरवायचं तर होतंच. गुरुवारी द्वारकामाय म्हणाल्या, "एवढे उपास करतं अन् इचारतं मात्र दुकानदाराले. महादेवाले इचार ना!"

तसं ठरलं. दोन चिठ्ठ्या करायच्या, देवापुढं ठेवायच्या आणि अजाण लेकराच्या हातानं एक उचलायची. ती देवाची आज्ञा. वर्षानं दोन कागदांवर लिहिलं, एकावर 'ठेवा', दुसऱ्यावर 'पाठवा'. सारख्या घड्या घातल्या, ताटलीत हलवल्या. मी डोळे मिटले. काय मागितलं ते सांगत नाही, पण देव काही अजाण नाही.

उचलायला वर्षाची परी, दीड वर्षाची. तिनं ताटलीकडं पाहिलं, एक चिठ्ठी उचलली आणि थेट तोंडात घातली!

"थुक! थुक बाई!" रेखावहिनी ओरडल्या. "शाई हाय थ्याच्यावर, इखारी असते!"

वर्षानं बोट घालून बाहेर काढली तर तिचा नुसता लगदा. अक्षर एक नाही.

आता काय? रेखावहिनी म्हणाल्या, अपशकुन झाला, पुन्हा टाका. मी लगेच हो म्हणणार होते. पण द्वारकामायनं ताटलीकडं बोट दाखवलं. "दुसरी उघडा. थे राह्यली ना ताटात, मंग पोरीनं उचलली कोनती, थे आपोआप समजन."

ताटलीतली चिठ्ठी वर्षानं उघडली. 'ठेवा.'

म्हणजे परीनं खाल्ली ती 'पाठवा'.

मग द्वारकामाय माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "देवाची आज्ञा पोरीले पचली बाई. तुलेही पचन."

संध्याकाळी मी शुभमला कळवलं, परत पाठव. तो म्हणाला, "बरं झालं. शनिवारी माणूस पाठवायला सांगू की सोमवारी? सोमवार शेवटचा दिवस आहे."

मी म्हटलं, "सोमवारी सांग."

"शनिवारी काय आहे?"

"शनिवारी मारुतीला तेल वाहायला जायचं असतं."

"ठीक. तुझ्या नंबरवर चार आकडे येतील. माणूस आला की तेवढे सांग, म्हणजे झालं."

*

रविवारी मी खोकं पलंगावरून काढलं, पुसलं. स्वस्तिक पुसायला हात होईना, तसंच ठेवलं. पंखा बंद केला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की मला वाटलं, कोणीतरी उठून गेलं.

सोमवारी रेखावहिनी आणि वर्षा दुसरबीडला होत्या, नात्यातला साखरपुडा होता. त्यामुळं पोथीला आम्ही दोघीच. द्वारकामायनं पाठ म्हटली, मी ऐकली. चौदावा सोमवार. आरती आटोपून त्या ओट्यावर टेकल्या, तेवढ्यात फटफटी थांबली. मिशीवाला, चांगला पन्नाशीतला माणूस, पाठीवर भली मोठी बॅग.

"काकू, पार्सल वापस न्यायचं हाय ना?"

मी आतून खोकं आणून ओट्यावर ठेवलं. त्यानं चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. वर स्वस्तिक दिसलं तसा चप्पल काढून, हात जोडून उभा राहिला. मग मोबाइल काढला.

"सील बरोबर हाय. पूजेचं मी सांभाळून घेतो. फक्त ओटीपी सांगा."

माझ्या मोबाइलवर चार आकडे आले होते. मी ते पाहिले. त्याच्याकडं पाहिलं.

"काकू? आकडे?"

द्वारकामायनं सांगितलं, "थे बोलत नाही सोमवारी. मौन हाय तिचं. दिवे लागल्यावर ये."

"आजी, दिवे लागेपर्यंत मी पार मलकापूरच्या रस्त्याले असतो. तुमी सांगा ना मंग."

"मले काय समजते त्यातलं? माहा अंगठा घे पाहिजे तं."

तो बिचारा हसला. थांबला. एक पेला पाणी मागून प्यायला. पुन्हा म्हणाला, "काकू, आज शेवटचा दिवस हाय. मंग हे तुमच्याच घरी राहीन, जन्मभर."

मी मोबाइल पदराखाली धरून उभी होते.

"बरं, मले काहीतरी कारण टाकावं लागते." तो त्याच्या मोबाइलवरचं एकेक वाचायला लागला. "'ग्राहकाने नकार दिला.' दिला का?"

"नाही दिला," द्वारकामाय म्हणाल्या. "खोकं तं आनून ठेवलं तिनं."

"'पत्ता चुकीचा'?"

"पत्ता बरोबर हाय. थे घरच हाय."

"मंग एकच राह्यलं. 'ग्राहक घरी नाही.'" त्यानं माझ्याकडं पाहिलं, पुन्हा हात जोडले, ते मला की स्वस्तिकाला कोण जाणे, आणि बटण दाबून निघून गेला.

पाच मिनिटं झाली नसतील. मोबाइल वाजला. शुभम. सोमवारी!

वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा द्वारकामायनं माझ्या हातातून घेतला आणि मी हिरवं बटण दाबून दिलं.

"कोन? हाव, मी द्वारकामाय... अरे, घरीच हाय तुयी माय, कुठं जाते थे?... नाही रे, काही झालं नाही. तब्येत चांगली हाय. हे काय, उभी हाय समोर... बोलत नाही आज... कायचा राग? उपास हाय... खोकं? खोकं इथंच हाय, ओट्यावर... अरे हळू बोल, घाबरू नको."

मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. "हाव. हाव. सांगतो," म्हणाल्या आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"शुक्रवारच्या गाडीनं येतो म्हन्ते. 'पाहतो' नाही म्हटलं, बरं का. 'येतो' म्हटलं."

मी खोकं उचललं, आत नेलं, त्याच्या पलंगावर ठेवलं आणि बाहेर आले. द्वारकामाय उठून दाराशी उभ्या होत्या. समोर टांगलेल्या पाटीकडं पाहत होत्या. पाटीवर सकाळचं दूधवाल्यासाठीचं 'अर्धा लिटर' तसंच होतं, आणि खडू दोरीला लटकत होता.

"सुमन," त्या म्हणाल्या, "मले वाचता येत नाही, हे खरं. पन थ्या माणसाले तं येत होतं ना वं!"

मी घड्याळाकडं पाहिलं. दिवे लागायला अजून पाऊण तास होता.